गळतीच्या मुळाशी जाणारा अभियंता : सुमंत मुळगावकर

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडेमार्गे चाकणच्या माळापर्यंत आज जो वाहन उद्योगाचा पट्टा पसरला आहे, त्याची ओळख मोठमोठ्या कारखान्यांच्या पाट्यांवरून होते. परंतु या पट्ट्याचा खरा संसार चालतो तो छोट्या भागांवर. गिअर, शाफ्ट, बुश, बेअरिंग, रबरी कड्या आणि ऑइल सील अशा शेकडो लहान वस्तू इथल्या गाळ्यांत घडतात किंवा तपासल्या जातात आणि त्यांतूनच अखेर एक गाडी उभी राहते. यांपैकी एखादा भाग कमअस्सल निघाला, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती रस्त्यात दगा देते. मोठ्या यंत्राची लाज लहान भागाने राखायची असते, ही दृष्टी या परिसराला ज्यांनी दिली, त्यांत सुमंत मुळगावकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

टाटा उद्योगसमूहाच्या टेल्को कंपनीचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, शिल्पकार म्हणून मुळगावकर ओळखले जातात. ‘टाटा सुमो’ या गाडीच्या नावातील ‘सु’ आणि ‘मो’ ही अक्षरे त्यांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतलेली आहेत, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र त्यांचे कार्य एका गाडीच्या नावापुरते नाही. परदेशी तंत्रज्ञान उसने आणून गाड्या जोडणारा देश ते स्वतःच्या आराखड्यावर गाड्या घडवणारा देश, हा प्रवास ज्या चिकाटीने झाला, त्या चिकाटीचे ते प्रतिनिधी होते.

सिमेंटच्या भट्टीपासून सुरुवात

सुमंत मुळगावकर यांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये घेतले. ते शिकून परतले तो काळ जागतिक मंदीचा होता. शिवाय परक्या सत्तेच्या राज्यात भारतीय अभियंत्याला मोठ्या यंत्राची संपूर्ण जबाबदारी क्वचितच मिळे. यंत्रे विलायतेतून यायची, ती उभारणारे तंत्रज्ञही तिकडूनच यायचे आणि इथल्या माणसाने ती फक्त चालवायची, असा रिवाज होता.

मुळगावकरांनी आपली उमेदीची वर्षे सिमेंट उद्योगात घालवली. १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ‘एसीसी’ ही कंपनी स्थापन झाली. सिमेंटचा कारखाना म्हणजे उष्णता, धूळ आणि अखंड फिरणारी अवजड यंत्रे. धुळीचा कण बेअरिंगमध्ये शिरला की काय होते आणि वंगण बाहेर पडू लागले की यंत्राचे आयुष्य कसे घटते, याचे शिक्षण अशा ठिकाणी पुस्तकाविना मिळते. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून येणारी यंत्रसामग्री आटली आणि देशातच यंत्रे घडवण्याखेरीज पर्याय उरला नाही. एसीसीने १९४७ मध्ये तेव्हाच्या बिहारमधील चाईबासा येथे संपूर्ण देशी यंत्रसामग्रीचा सिमेंट कारखाना उभारला. आपल्या हातांनी यंत्र घडवता येते, हा विश्वास मुळगावकरांनी सिमेंट उद्योगातून बरोबर आणला.

टेल्कोत आगमन

टेल्कोची स्थापना १९४५ मध्ये जमशेदपूर येथे झाली होती ती रेल्वेची वाफेची इंजिने बनवण्यासाठी. जे. आर. डी. टाटा यांनी १९४९ मध्ये या कंपनीची सूत्रे मुळगावकरांकडे सोपवली. माणसे पारखण्याविषयी जेआरडींची ख्याती होती आणि मुळगावकरांच्या बाबतीत ती पुरेपूर खरी ठरली. नव्या कंपनीपुढे एक मूलभूत अडचण होती. रेल्वे इंजिनांना ग्राहक एकच आणि तो म्हणजे सरकार. एकाच ग्राहकावर विसंबलेला कारखाना फार काळ तग धरत नाही. स्वतंत्र भारताला धरणे बांधायची होती, धान्य हलवायचे होते, गावे जोडायची होती. त्यासाठी मालमोटारी हव्या होत्या.

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला. करारानंतर सहा महिन्यांच्या आत पहिला ट्रक बाहेर पडला. टाटा-मर्सिडीज-बेंझ हे नाव आणि समोरच्या जाळीवरची तीन टोकांची चांदणी थोड्याच वर्षांत देशभरच्या रस्त्यांवर दिसू लागली. १९६१ मध्ये श्रीलंकेला, तेव्हाच्या सिलोनला, ट्रकची निर्यातही झाली.

हे यश डोळ्यांत भरणारे होते. पण कराराला मुदत होती. पंधरा वर्षे सरल्यावर चांदणी उतरणार होती. तेव्हा आराखडा, धातू, साचे, यंत्रे आणि ती चालवणारे हात यांतले आपले स्वतःचे किती असेल, या प्रश्नाभोवती मुळगावकरांचे पुढचे आयुष्य फिरत राहिले.

एका रबरी कडीची गोष्ट

हा प्रश्न किती खोल होता, हे समजण्यासाठी गाडीतला एक अगदी किरकोळ वाटणारा भाग पाहिला तरी पुरे. तो म्हणजे ऑइल सील. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकांचे हब या सर्व ठिकाणी तेल किंवा ग्रीस भरलेले असते आणि त्यातून फिरता शाफ्ट बाहेर येतो. शाफ्ट फिरला पाहिजे, पण तेल बाहेर येता कामा नये आणि बाहेरची धूळही आत जाता कामा नये. हे काम करते ती लोखंडी कड्यावर चढवलेली रबरी ओठाची गोल चकती. ओठाच्या मागे एक नाजूक गोल स्प्रिंग असते. ती ओठाला शाफ्टवर सतत हलकेच आवळून धरते.

पूर्वी हेच काम चामड्याच्या कड्या आणि ग्रॅफाइट लावलेल्या दोरीच्या भरावाने होत असे. १९३०च्या दशकात जर्मनीतील वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग या मूळच्या चामडे कमावणाऱ्या कंपनीने वॉल्टर सिमर यांच्या कल्पनेवरून स्प्रिंग असलेले सील बाजारात आणले. पुढे चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. साधारण उष्णतेच्या जागी नायट्राइल रबर चालते. क्रँकशाफ्टसारख्या तापणाऱ्या जागी अधिक उष्णता सोसणारी रबरे लागतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापलेले रबर कडक होते, त्याला चिरा पडतात आणि तेल पाझरू लागते.

इथेच एक मेख आहे. सील चांगले असूनही गळती होऊ शकते. सीलचा ओठ शाफ्टला घासत असतो असे वाटते, पण प्रत्यक्षात दोहोंमध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो आणि त्यावरच ओठ टिकून राहतो. शाफ्टचा पृष्ठभाग खडबडीत असला तर ओठ कापला जातो. आरशासारखा अति गुळगुळीत असला तर तेलाचा थर धरत नाही आणि ओठ कोरडा पडून जळतो. त्याहून फसवा दोष म्हणजे ग्राइंडिंगच्या वेळी शाफ्टवर राहिलेल्या, डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या तिरप्या रेषा. शाफ्ट फिरू लागला की या रेषा स्क्रूच्या आट्यांप्रमाणे वागतात आणि तेल बाहेर ढकलतात. शाफ्ट पुरेसा कठीण नसेल तर ओठाखाली चर पडतो. बेअरिंग सैल असेल तर शाफ्ट थरथरतो आणि ओठाला त्याच्या मागे धावता येत नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्समधील हवा बाहेर सोडणारा ब्रीदर मातीने बुजला तर आतला दाब वाढून धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर येते.

म्हणजेच ज्या जागी गळती दिसते, त्या जागी तिचे कारण असेलच असे नाही. कारण कदाचित कारखान्यातल्या ग्राइंडिंग यंत्रात असते, त्या यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिराच्या शिक्षणात असते किंवा धातूला पाणी देण्याच्या भट्टीत असते. परदेशातून आराखडा विकत घेता येतो. पण हजारावा शाफ्ट पहिल्या शाफ्टसारखाच उतरावा, ही सवय कोणत्याही करारात मिळत नाही.

अशा गळतीची किंमत ट्रकवाल्याला मोजावी लागते. मागच्या हबचे सील गेले की तेल ब्रेकच्या लायनरवर उतरते आणि खंडाळ्याच्या घाटात भरलेली गाडी आवरेनाशी होते. क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले की तेल क्लचप्लेटवर जाऊन चढावर क्लच घसरू लागतो. सील स्वस्त असते, पण ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गाडी एक-दोन दिवस उभी राहते, माल पोहोचत नाही आणि हप्ता मात्र चुकत नाही. एका ट्रकवर घर चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कारखान्याची प्रतिष्ठा अशा ठिकाणी ठरते.

पिंपरीचा माळ

मुळगावकरांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे टेल्कोचा पुण्याचा प्रकल्प. १९६६ मध्ये पिंपरी आणि चिंचवड येथे त्याची सुरुवात झाली. त्या वेळी हा परिसर ओसाड माळाचा होता. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५०च्या दशकात पिंपरीत आला होता, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर भोसरी भागात भूखंड पडू लागले होते आणि आकुर्डीला बजाज उद्योगाने पाय रोवले होते. परंतु पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली, यावरून तेव्हाचे चित्र ध्यानात यावे.

या प्रकल्पाची सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे त्याचा क्रम. पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल अकरा वर्षांनी. मधली वर्षे वाया गेली नव्हती. आधी यंत्रे बनवणारी यंत्रे, साचे आणि हत्यारे घडवणारा विभाग उभा राहिला. ओतकामाची भट्टी आली. तरुण उमेदवारांना हाताचे कौशल्य शिकवणारे प्रशिक्षण केंद्र आले. कानशीने लोखंडाचा तुकडा काटकोनात आणण्यापासून सुरू होणारे ते शिक्षण मुलांचा कस पाहणारे होते. ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या कितीतरी मुलांच्या घरात पहिला पगार या मार्गाने पोहोचला. संशोधन आणि विकासाचे स्वतंत्र केंद्रही टेल्कोने १९६६ मध्येच पुण्यात सुरू केले आणि पुढे त्या कामाचा मोठा विस्तार झाला.

भागधारकांना दरवर्षी नफ्याचा आकडा हवा असतो. अशा वेळी गाड्या न काढता यंत्रे आणि माणसे घडवण्यावर वर्षानुवर्षे पैसा ओतणे हे धाडस होते. जेआरडींचा विश्वास पाठीशी नसता, तर ते साधले नसते. पण शाफ्ट अचूक हवा तर ग्राइंडिंग यंत्र अचूक हवे, यंत्र अचूक हवे तर ते जाणणारा माणूस हवा, ही साखळी मुळगावकरांना स्पष्ट दिसत होती. तिची शेवटची कडी आधी पक्की करण्याचा मार्ग त्यांनी निवडला.

या धोरणाचा लाभ टेल्कोच्या कुंपणापुरता राहिला नाही. मोठ्या कारखान्याला लागणारे शेकडो भाग पुरवण्यासाठी भोसरी, चिंचवड, तळवडे भागात लघुउद्योजकांचे गाळे उभे राहिले. मोठ्या कारखान्यांत शिकून बाहेर पडलेल्या अनेक कारागिरांनी एका लेथवर स्वतःचा धंदा सुरू केला. भागाचे माप मायक्रोमीटरने तपासायचे आणि मापात नसलेला भाग परत घ्यायचा, ही शिस्त त्या गाळ्यांपर्यंत पोहोचली. पुढे चाकणमध्ये मोठ्या कंपन्या आल्या, तेव्हा त्यांना कसबी माणसे आणि सुटे भाग पुरवणारी वसाहत शेजारीच तयार होती.

झाडे आणि तळे

पिंपरीच्या माळावर कारखाना उभारताना मुळगावकरांनी आणखी एक गोष्ट केली, जी त्या काळी उद्योगजगतात नवलाची वाटावी. त्यांनी मोठ्या प्रमाणावर झाडे लावली आणि कारखान्याच्या आवारात तळे निर्माण केले. उघड्या माळरानावर हजारो झाडांची सावली पसरली, तळ्यावर पक्षी उतरू लागले. हे तळे ‘सुमंत सरोवर’ या नावाने ओळखले जाते.

यात निव्वळ हौस नव्हती. माळावरची धूळ ही अचूक यंत्रांची वैरीण असते. तापलेल्या, उजाड आवारात माणसाचे कामात लक्ष लागत नाही. जिथे दिवसाचे आठ तास घालवायचे, ती जागा स्वच्छ आणि प्रसन्न असली पाहिजे, म्हणजे कामही नीटनेटके होते, असा त्यामागे विचार होता. कारखाना म्हणजे धूर, काजळी आणि तेलकट जमीन, हे समीकरण पिंपरीत मोडून निघाले. ज्या जमिनीवर तेलाचा एक डागही खपवून घेतला जात नाही, तिथे गळणारे यंत्र लपून राहू शकत नाही, हा त्या स्वच्छतेचा व्यावहारिक फायदाही होता.

ढाब्यावरची माहिती

मुळगावकरांविषयी एक हकिकत उद्योगजगतात वारंवार सांगितली जाते. दुपारी कंपनीचे वरिष्ठ अधिकारी एकत्र जेवायला बसत, पण मुळगावकर मात्र गाडी घेऊन बाहेर पडत. विक्रेते त्यांना एखाद्या पंचतारांकित हॉटेलात जेवायला नेत असावेत, अशी कुजबुज होती. एकदा काही जणांनी त्यांचा माग काढला, तेव्हा ते महामार्गावरच्या ढाब्यावर ट्रकचालकांबरोबर जेवताना आढळले. टेल्कोच्या गाडीत काय चांगले आहे, काय खटकते, कुठला भाग लवकर जातो, हे ते चालकांना विचारत आणि परतल्यावर सुधारणेच्या कामाला लागत, असे ही हकिकत सांगते.

तिच्यातील तपशिलांना सांगणाऱ्यागणिक वेगळा रंग चढतो, पण गाभा मुळगावकरांच्या एकंदर कामाशी जुळणारा आहे. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना प्रत्येक गाडी नवी आणि कोरडी असते. खरे प्रश्न उगवतात ते हजारो मैलांनंतर, जादा माल भरल्यावर, उन्हाळ्यात घाट चढताना आणि पावसाळ्यात चिखल तुडवताना. ट्रकखाली आडवा होऊन स्वतः सील बदललेल्या चालकाला जे ठाऊक असते, ते अहवालाच्या कागदावर उतरेपर्यंत पार सौम्य होऊन जाते. नवे सील महिनाभरात पुन्हा गळू लागले, ही चालकाची साधी तक्रार जाणत्या अभियंत्याला थेट शाफ्टकडे, बेअरिंगकडे किंवा बुजलेल्या ब्रीदरकडे बोट दाखवते. त्यासाठी तक्रार मूळ शब्दांत ऐकावी लागते.

चांदणी उतरल्यानंतर

१९६९ मध्ये डाइम्लर-बेंझबरोबरचा करार संपला. चांदणी उतरली आणि तिच्या जागी टाटांचे ‘टी’ हे चिन्ह आले. गाडीचा दर्जा आता घसरेल, अशी शंका घेणारे तेव्हाही असणारच. पण ट्रकवाल्यांनी टाटाच्या गाडीची साथ सोडली नाही. १९७०च्या दशकात जेआरडींनंतर मुळगावकर टेल्कोचे अध्यक्ष झाले. टाटा स्टीलचे उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या मारुती उद्योग या सरकारी कंपनीचे अध्यक्षपदही सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे होते. खासगी उद्योगातील अभियंत्याकडे सरकारने अशी जबाबदारी देणे, हा त्यांच्या अधिकाराचा गौरवच होता.

खरी परीक्षा १९८०च्या दशकाच्या मध्यात आली. हलक्या व्यापारी वाहनांच्या क्षेत्रात टोयोटा, मित्सुबिशी, माझदा आणि निसान या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह एकदमच उतरल्या. त्यांच्या गाड्या आटोपशीर होत्या, तंत्र आधुनिक होते. टेल्कोनेही एखादा परदेशी भागीदार शोधावा, हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी पुण्याच्या अभियंत्यांनी स्वतःच्या आराखड्यावर ‘टाटा ४०७’ ही गाडी तयार केली आणि १९८६ मध्ये ती बाजारात आली. भारतातले खराब रस्ते, क्षमतेहून अधिक भरलेला माल आणि नाक्यावरच्या मिस्त्रीलाही दुरुस्त करता येईल अशी साधी रचना यांचा विचार तिच्या मुळाशी होता. जपानी भागीदारीतल्या त्या चार नावांपैकी काही पुढे बाजारातून नाहीशी झाली. ४०७ मात्र दूध, भाजी, शाळेची मुले आणि लग्नाचे वऱ्हाड वाहत राहिली. साठच्या दशकात कानस आणि साचे यांवर घातलेला पैसा वीस वर्षांनी असा फळाला आला.

उत्तरायुष्य

मुळगावकरांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाच्या चळवळीत मोलाचे काम केले. त्या पद्मश्रीच्या मानकरी होत्या आणि मुंबईच्या शेरीफपदाचा मानही त्यांना मिळाला होता. पती यंत्रांच्या आणि पत्नी माणसांच्या जीवनरसाची काळजी वाहत होती, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

१९८८च्या अखेरीस टेल्कोची धुरा रतन टाटा यांच्याकडे गेली. याच सुमारास पुण्याच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील संबंध कमालीचे ताणले गेले आणि १९८९ मध्ये संघर्ष शिगेला पोहोचला. ज्या कारखान्याने माणसे घडवण्यापासून आरंभ केला, तिथेच मने दुरावावीत, ही गोष्ट चटका लावणारी होती. कारखाना मोठा होतो, माणसांची संख्या वाढते, वरचे आणि खालचे यांच्यातील अंतर रुंदावते आणि मग तक्रार मूळ शब्दांत वरपर्यंत पोहोचत नाही. यंत्रातल्या गळतीइतकीच संस्थेतली ही गळतीही वेळीच ओळखावी लागते, हा धडा त्या वर्षांनी दिला. तो संघर्ष मिटलेला पाहणे मुळगावकरांच्या नशिबी नव्हते. १ जुलै १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

१९९४ मध्ये आलेल्या सुमोने त्यांचे नाव खेड्यापाड्यांत नेले. या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. १९९८ मध्ये इंडिका ही देशी आराखड्याची मोटार पिंपरीच्याच कारखान्यातून बाहेर पडली. मर्सिडीज-बेंझची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९६९ मध्ये टेल्कोपासून वेगळी झालेली ही कंपनी १९९०च्या दशकात मोटारी बनवण्यासाठी भारतात परतली, तेव्हा तिने पहिले बस्तान बसवले ते पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये तिने चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. फोक्सवॅगन आणि महिंद्र यांचे कारखानेही त्याच सुमारास तिथे आले. ज्यांच्याकडून तंत्र शिकलो, ते पुढे आपल्या दारी कसबी हात शोधत आले, असा हा फेरा पूर्ण झाला.

आजही शिल्लक असलेला धडा

आजच्या मोटारी बदलल्या आहेत. सीलचे रबर सुधारले आहे, शाफ्ट संगणकाच्या नियंत्रणाखाली घासले जातात आणि विजेवरच्या गाड्यांत इंजिनच उरलेले नाही. तरीही त्यांच्या गिअरच्या पेटीत तेल असते, शाफ्ट पूर्वीपेक्षाही वेगाने फिरतो आणि सीलची गरज संपलेली नाही.

या पट्ट्यातल्या कोणत्याही चांगल्या गॅरेजात ऑइल सील बदलताना पाहिले, तर जाणता मिस्त्री काय करतो? तेल दिसले म्हणून तो लगेच सील उपटत नाही. आधी जागा पुसून, थोडी गाडी चालवून, तेल नेमके कुठून येते ते पाहतो. कारण वरच्या झाकणाचे तेल ओघळून खाली सीलपाशी जमलेले असू शकते. मग ब्रीदर मोकळा आहे का आणि शाफ्ट हलवून बेअरिंग सैल आहे का, हे तपासतो. जुने सील काढताना शाफ्टवर किंवा घरावर ओरखडा येऊ देत नाही. शाफ्टवर नख फिरवून चर पडला आहे का, ते पाहतो. चर असेल तर नव्या सीलचा ओठ त्याच्या किंचित बाजूला बसेल अशी तजवीज करतो किंवा शाफ्टवर पातळ बाही चढवतो. नव्या सीलच्या ओठाला तेल लावतो, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवतो, शाफ्टच्या धारदार खाचांवर टेप गुंडाळतो, म्हणजे ओठ फाटत नाही. शेवटी सील एका बाजूने न ठोकता सारखा दाब देऊन सरळ बसवतो. ज्याला घाई असते तो हातोडीचे चार फटके मारून मोकळा होतो, आणि ती गाडी महिनाभरात परत येते.

हे शहाणपण कोणा एकाच्या नावावर नोंदवता येणार नाही. ते अनेक पिढ्यांच्या हातांतून आले आहे. परंतु एका ओसाड माळावर आधी हात शिकवायचे, मग यंत्रे घडवायची आणि त्यानंतरच गाडी काढायची, असा क्रम ठरवून अकरा वर्षे तो निभावणारा माणूस इथे होऊन गेला. पिंपरीपासून चाकणपर्यंत आज जे कौशल्य सहज उपलब्ध वाटते, त्याच्या पायाशी सुमंत मुळगावकर यांची ती अकरा वर्षांची कळ आहे.